विक्लिफ ओंगेरी नावाची बाई

स्योंबुआ मुतिसो पार्सल घेऊन दारात उभी राहिली की गिऱ्हाईक आधी मोबाइलकडे बघायचं, मग तिच्याकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. मोबाइलवर फोटो असायचा जाड मिशीच्या, रुंद मानेच्या विक्लिफ ओंगेरीचा. आणि दारात असायची एक्केचाळीस वर्षांची, हेल्मेट काखेत धरून कपाळ पुसणारी बाई.

"विक्लिफ कुठाय?"

"मीच की."

"आणि मिशी?"

"सकाळीच काढली. सही इथं करा."

सहा वर्षं हे असं चाललं होतं. खरा विक्लिफ तिचा शेजारी, नैरोबीच्या पाइपलाइन वस्तीतल्या त्याच इमारतीतला. दोहाला क्रेन चालवायला गेला तेव्हा त्यानं गादी भावाला दिली, शेगडी मावशीला दिली आणि पार्सल कंपनीचा आयडी स्योंबुआला दिला. कंपनीनं नवे आयडी देणं केव्हाच बंद केलं होतं, आणि असलेला आयडी तीन दिवस पडून राहिला की मशीन तो आपोआप मारून टाकायचं. म्हणून काम सोडणारा माणूस आपला आयडी कुणाच्या तरी हाती सोपवूनच जायचा, आणि चालवणाऱ्यानं त्याचा वाटा त्याला पोचवायचा. डेपोत असे परक्या नावावर चालणारे वीसेक जण होते. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. डेपोचे मॅनेजर न्जेरू साहेब तर रोज सकाळी साडेसहाला गेटवर उभे राहून हाक मारायचे, "ए कियोकोच्या आई, किलिमानी तुझं!" कियोको तिचा थोरला मुलगा. कागदावर मात्र किलिमानीच्या भागात विक्लिफ जायचा.

मोटरसायकल ती लग्नाआधीच शिकली होती, कितुईला, मागे पाण्याचे चार कॅन बांधून. नवरा मचाकोसच्या शाळेत स्वयंपाकी. महिन्यातून एकदा यायचा आणि म्हणायचा, "काय विक्लिफराव, जेवायला आहे का काही?" ती हसायची. मग एकटी असताना हसू यायचं नाही. सहा वर्षांत लाखभर पार्सलं पोचवली असतील तिनं, आणि त्यातलं एकही तिच्या नावावर नव्हतं.

मार्चमध्ये ओडेरा नावाच्या रायडरचा पाय मोंबासा रोडवर ट्रकखाली आला. कंपनीनं फुलं पाठवली आणि सोबत चिठ्ठी. तीत लिहिलं होतं, आपण आमचे नोकर नसून भागीदार आहात, तेव्हा दवाखान्याचं आपलं आपण बघावं. त्या चिठ्ठीनंतर वाहतूक कामगार युनियनचे बारासाकाका डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसू लागले. त्यांनी सरळ गणित सांगितलं. कंपनीच्या यादीत दोनशे बारा माणसं. निम्म्यापेक्षा एक जास्त, म्हणजे एकशे सात जणांनी युनियनच्या अर्जावर सही केली, की कायद्यानं कंपनीला युनियन मानावी लागते, समोर बसून करार करावा लागतो. अर्ज भरून घ्यायचं काम स्योंबुआनं अंगावर घेतलं. तिला सगळे ओळखत होते आणि तिला नाही म्हणायला सगळे घाबरत होते. एकशे अठरा अर्ज जमले.

जुलै म्हणजे नैरोबीतला हिवाळा, आणि त्या सोमवारी थंडी अशी पडली होती की चहाचा पेला कुणी खाली ठेवत नव्हतं. बारासाकाका आले ते कागदांची पिशवी छातीशी धरून.

"बसा काका. मंदाझी आत्ताच तळलीय."

"मला नको. तू बस." त्यांनी एक अर्ज तिच्यापुढे धरला. "विक्लिफ ओंगेरी. खाली सरकारी ओळखपत्राचा नंबर. हा नंबर कुणाचा?"

"माझा."

"सही?"

"माझीच."

"मग बाई, नाव त्याचं का?"

"कंपनीच्या यादीत तेच आहे म्हणून! माझं लिहिलं असतं तर म्हणाले असते, ही कोण? आमच्याकडे अशी कुणी नाही."

"आणि बाकीचे बावीस?"

स्योंबुआनं पेला खाली ठेवला. "त्यांना मीच सांगितलं, यादीत आहे तेच नाव घाला रे म्हणून. तुम्ही तेव्हा बुंगोमाला मयतीला गेला होतात."

बारासाकाका बाकावर बसले. "तीस वर्षं युनियन करतोय. पोलिसांनी केलेल्या सह्या बघितल्या. एकदा तर मालकाच्या जावयाचीच सही निघाली. पण खऱ्या माणसानं खरी सही करून वर दुसऱ्याचं नाव घातलेलं, हे मी पहिल्यांदाच बघतोय."

"किती गेले?"

"कंपनीच्या वकिलानं तेवीसच्या तेवीस बाजूला काढलेत. बनावट म्हणतोय. राहिले पंच्याण्णव."

"बारा कमी."

"बारा कमी. गुरुवारी कामगार खात्यात समेट अधिकारी बसणारेत. त्या म्हणाल्यात, या तेवीस जणांनी समोर यावं आणि सांगावं, सही माझी, काम मीच करतो. त्यातले बारा आले तरी भागतं."

"आणि समोर कंपनी बसलेली असणार."

"असणार."

"म्हणजे तोंड उघडलं की आयडी गेला."

बारासाकाकांनी मान डोलावली. "जो काम करतो तो कामगार, नाव कुणाचंही असो. असं मी सांगेन, जोरात सांगेन. पण कोर्ट तसं म्हणेपर्यंत तुझा मोबाइल बंद राहणार. हे मी तुझ्यापासून लपवत नाही."

मंगळवारी न्जेरू साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची पुढे सरकवली. सहा वर्षांत त्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती.

"तुझ्यासाठी वरपर्यंत शब्द टाकला मी," ते म्हणाले आणि टेबलावर एक कागद ठेवला.

नवा आयडी. स्योंबुआ मुतिसो. नावाखाली फोटोची चौकट रिकामी होती.

तिनं आपलं नाव तीनदा वाचलं. कुठंही खाडाखोड नाही, छापील, सरळ. त्या कागदाला हात लावायची तिला भीती वाटली, इतका तो तिला हवा होता.

"सहा वर्षं मागत होते, साहेब."

"आता मिळतोय ना?"

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी किलिमानीत पार्सलं फार आहेत. पन्नासच्या वर. तुला मान वर करायला वेळ मिळणार नाही."

"मी नाही गेले तर बाकीचे..."

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील." न्जेरू साहेबांनी आवाज खाली आणला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पावसात उभ्या रायडरांना ते शेडखाली घेत. "अगं, त्यांची नावं तू लिहायला लावलीस. उद्या कुणी विचारलं की ही बनवाबनवी कुणी शिकवली, तर बोट कुणाकडे जाईल? हा घेऊन जा, उद्या संध्याकाळपर्यंत सही करून दे."

त्या दुपारी किलिमानीत तिच्या हातून दोन वळणं चुकली. असं कधी होत नसे.

घरी तिनं दोहाला फोन लावला. विक्लिफ जेवत होता.

"ताई, माझं नाव रस्त्यावर फिरव, दारादारांत फिरव, मी कधी बोललोय? पण सरकारी टेबलावर नको गं नेऊस. माझी आई म्हातारी आहे, पोलीस तिच्या दारात आले तर?"

"तुझ्या आईनं काय केलंय, तिच्या दारात कोण येतंय?"

"म्हणजे तू ठरवलंयस."

"ठरवलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

बुधवारी सकाळी टपरीवर त्या तेवीसांतले बहुतेक जमले होते. कुजबुज आधीच पसरली होती; डेपोत गोष्ट पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

"काय मग, ताई? नवा आयडी? स्वतःचा?" मुरिथीनं विचारलं. मुरिथी म्हणजे लांब हातापायांचा, कायम रागावलेला माणूस. "आम्हाला बकरी तरी काप."

"सही नाही केली अजून."

"अजून! ऐकलंत ना रे? अजून."

"तू येणार आहेस का उद्या, ते सांग."

"मी?" मुरिथी एकदम हळू बोलायला लागला. "तुमच्या सगळ्यांच्या आयडीचे मालक जिवंत तरी आहेत. तुझा विक्लिफ दोहात वर बसलाय, क्रेनवर. मी मुगाम्बीच्या आयडीवर चालतो. माझा चुलतभाऊ. दोन वर्षं झाली त्याला पुरून. त्याचा वाटा मी त्याच्या बायकोला देतो. तीन पोरं आहेत. मी उद्या म्हणू, मॅडम, मी मेलेला माणूस आहे, तेवढं लिहून घ्या?"

एकानं आपला पेला मुरिथीपुढे सरकवला.

स्योंबुआ उठली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिला कळत होतं की आपण काय बोलतो त्यावर नाही, आपण काय करतो त्यावर हे चालणार आहेत.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "नावं मी लिहायला लावली. म्हणून मी जाणार. नऊ वाजता, सहावा मजला. ज्याला यायचं त्यानं या. जो येणार नाही त्याला मी शब्दानं बोलणार नाही, आणि दुसऱ्या कुणी बोललेलं मला चालणार नाही."

संध्याकाळी तिनं तो कागद न्जेरू साहेबांच्या टेबलावर जसाच्या तसा परत ठेवला.

गुरुवारी नऊला सहाव्या मजल्यावर आठ जण होते. सव्वानऊला दहा. साडेनऊला दार बंद करायची वेळ आली तेव्हा तिला धरून अकरा. मुरिथी नव्हता.

समेट अधिकारी चेरोनो मॅडम सर्दीनं बेजार होत्या. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पेन. कंपनीकडून एक तरुण वकील आणि न्जेरू साहेब. इकडे बारासाकाका, इस्त्री केलेला तपकिरी कोट घालून.

"पहिला अर्ज," मॅडम म्हणाल्या. "विक्लिफ ओंगेरी."

स्योंबुआ उभी राहिली.

वकील हसला. "मॅडम, मला वाटतं हे पुरेसं आहे."

"मला नाही वाटत. बाई, तुमचं नाव?"

"स्योंबुआ मुतिसो. त्या आयडीवर सहा वर्षं मीच काम करतेय. सही माझी आहे. नाव मी लिहिलं, आणि या बाकीच्यांनाही मीच तसं लिहायला सांगितलं. त्यांना बोलू नका."

"म्हणजे सहा वर्षं कंपनीची फसवणूक," वकील म्हणाला. "कंपनीला ही बाई माहीतसुद्धा नाही."

चेरोनो मॅडमनी मान वळवली. "न्जेरू साहेब, तुम्ही डेपोचे मॅनेजर. या बाईंना ओळखता?"

न्जेरू साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. स्योंबुआ त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

"डेपोत पुष्कळ लोक येतात जातात," ते म्हणाले. "ओळखतो असं नाही म्हणता येणार."

रोज सकाळी साडेसहा. सहा वर्षं.

"ऐकलंत?" वकील म्हणाला. "आता ही बाई विक्लिफच्या जागी काम करत होती याला पुरावा काय?"

"तुमच्याकडे कालची यादी आहे?" स्योंबुआनं विचारलं.

"कसली यादी?"

"विक्लिफच्या पार्सलांची. काल, बुधवारी. असेल ना तुमच्या त्या फायलीत? ती मॅडमच्या हातात द्या."

वकिलानं बारासाकाकांकडे बघितलं. बारासाकाकांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही. मॅडमनी हात पुढे केला. यादी त्यांच्या हातात गेली.

स्योंबुआनं डोळे मिटले.

"पहिलं, केसांचं सलून, दुसरा मजला, लिफ्ट बंद. खोका हलका, पण लांब. दुसरं, निळं गेट. तिथला वॉचमन सायमन बहिरा आहे, भोंगा वाजवून उपयोग नाही, गेटच्या खालच्या पट्टीवर दगड ठोकायचा म्हणजे त्याच्या पायाला कळतं. तिसरं त्याच गल्लीत, दोन कुत्री, पार्सल भिंतीवरून द्यायचं. चौथं, दातांचा दवाखाना. पाचवं आणि सहावं एकाच इमारतीत, नवरा-बायको, पण बोलत नाहीत, म्हणून पार्सलं वेगवेगळी मागवतात..."

मॅडमचं पेन यादीवरून खाली सरकत होतं. वकील वाकून बघत होता. स्योंबुआ मान किंचित उजवीकडे वळवायची, मग डावीकडे, जशी गल्ली वळेल तशी. बारावं. पंधरावं. अठरावं.

"एकोणिसावं..." ती थांबली.

पेन थांबलं.

"एकोणिसावं..." कालची ती गल्ली तिला दिसत होती, झाड दिसत होतं, पायरीवरचं ओलं पायपुसणं दिसत होतं, पण माणूस दिसत नव्हतं. माणूसच दिसत नव्हतं. वकिलानं खुर्ची मागे सरकवली.

"एकोणिसावं दिलंच नाही," तिनं डोळे उघडले. "घरी कुणी नव्हतं. परत आणलं."

चेरोनो मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. "परत," त्या म्हणाल्या. "हो. तसंच आहे." मग त्या शिंकल्या आणि म्हणाल्या, "पुरे. बसा."

"मॅडम, पाठांतर कुणीही करू शकतं," वकील म्हणाला.

"तुम्ही करून दाखवता? दुसरा अर्ज."

एकेक जण उठला. कुणी कावांगवारेची गल्ली सांगितली, कुणी विमानतळाजवळची गोदामं. एकाला एवढा घाम फुटला की त्याला पाणी द्यावं लागलं. पेन खाली सरकत राहिलं. अकरा झाले. मॅडमनी बेरीज केली.

"पंच्याण्णव आणि अकरा, एकशे सहा."

बारासाकाकांनी टेबलाची कड धरली. बरोबर निम्मे. आणि कायद्याला निम्मे पुरत नाहीत.

"आणखी कुणी?"

दार ढकलून मुरिथी आत आला. जाकिटावरून पाणी निथळत होतं.

"तुम्ही कोण?"

"यादीत मुगाम्बी. तो वारला. चालवतो मी, मुरिथी." तो दम घेत होता. "वहिनीला विचारल्याशिवाय येणं बरं दिसलं नसतं. ती म्हणाली, जा. मग रडायला लागली. म्हणून उशीर झाला."

त्यानं आपली पार्सलं सांगितली, भराभरा, रागारागानं, जणू कुणी त्याच्याशी भांडतंय. मॅडमनी ती तपासली. एकशे सात.

तेवढ्यात कुणाच्या तरी खिशात मोबाइल वाजला. मग दुसऱ्याच्या. मग स्योंबुआच्या. तिनं बघितलं: विक्लिफ ओंगेरी, आपला आयडी बंद करण्यात आला आहे. वकील आपला फोन बॅगेत ठेवत होता.

"हे इथं, माझ्यासमोर?" चेरोनो मॅडम म्हणाल्या, आणि ते त्यांनी लिहून घेतलं, वेळेसकट. मग पेन खाली ठेवलं. "बारा जण सांगतात, आम्ही काम करतो. मॅनेजर सांगतात, मी यांना ओळखत नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत ज्याच्याकडे आणखी पुरावा असेल त्यानं आणावा. मग मी अहवाल देईन. मॅनेजरच खरं बोलतायत असं निघालं, तर हे बारा अर्ज बाद."

शुक्रवारी स्योंबुआ सहा वर्षांत पहिल्यांदा साडेसहाला गेटवर नव्हती. अकराच्या सुमाराला ती रिव्हर रोडवरच्या युनियनच्या खोलीत बसली होती. बारासाकाका जुन्या निकालांच्या फायली उलटत होते आणि पुटपुटत होते. पाठांतर होतं, पण न्जेरू साहेब ओळखतात हे दाखवायचं कसं? गेटवर हाक मारली त्याला कागद कुठून आणणार? डेपोतला कुणी साक्ष द्यायला आला तर त्याचाही आयडी जाणार. आपण अकरा जणांची आणि एका विधवेची भाकरी घालवली, एवढंच स्योंबुआला कळत होतं.

तिचा फोन वाजला. न्जेरू साहेब.

तिनं बारासाकाकांकडे बघितलं. त्यांनी फाइल बाजूला सारली, कोरा कागद ओढला आणि बोटानं दाखवलं: स्पीकरवर टाक.

"कियोकोच्या आई!" मागे डेपोतला गोंगाट ऐकू येत होता. "अगं, काय हे! किलिमानीला नवा माणूस पाठवला, तर सतरा पार्सलं परत घेऊन आला. निळ्या गेटवर अर्धा तास भोंगा वाजवत होता, म्हणे कुणी उघडतच नाही. वरून मला फोनवर फोन येतायत."

तिच्या तोंडाशी शिवी आली होती. ती गिळून ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मी! न्जेरू!"

"डेपोचे मॅनेजर न्जेरू साहेब?"

"अगं हो, दुसरा कुठला न्जेरू?"

"आणि फोन कुणाला लावलाय साहेब तुम्ही?"

"तुला! स्योंबुआला! किलिमानी दुसऱ्या कुणाला येते? सहा वर्षं तूच तर जातेस तिथं."

बारासाकाकांचं पेन धावत होतं. पलीकडे न्जेरू साहेब धापा टाकत होते, आणि पावसात शेडखाली घेणारा तो माणूस क्षणभर तिच्या डोळ्यांसमोर आला. त्यांची नोकरीही यात जाईल कदाचित. तिनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"सांगते, साहेब," ती म्हणाली. "सगळं सांगते. पण आधी तुम्ही सांगा, मी पहिल्यांदा किलिमानीला गेले ते कुठलं साल? आणि मला पाठवलं कुणी?"

"मीच पाठवलं. ते... थांब, गोदाम नवं झालं त्या वर्षी. का?"

बारासाकाकांनी घड्याळात बघून वेळ लिहिली, कागद उलटला आणि तिला हातानं खूण केली, बोलत राहा.